एकट्याला उचलेल एवढे ओझे

मार्गशीर्ष लागला की ठाण्यात आमच्या टेंभीवरून पेंढ्याच्या गाड्या जाऊ लागतात. बाळकुमाकडून येतात, माजिवड्याकडून येतात, आणि कुरकुरत बाजाराकडे वळतात. गाडी गेल्यावर रस्त्यावर थोडा पेंढा सांडून राहतो. त्याला गोडसर, किंचित धुळीचा वास असतो. तो वास घरात शिरला की आई पांघरुणे उन्हात काढते. काल तिने काढली. त्यांत माझे घोंगडेही होते. तिने ते झटकले तेव्हा त्यातून काळी, पिठासारखी माती उडाली. आमच्या भागात अशी माती नाही. ती घाटावरची. वर्ष झाले तरी लोकरीत राहिली होती.

यंदा घाटावर पाऊस बरा झाला असे सांगतात. त्यामुळे यंदा कोणी तिकडे जायचे नाही. माझी परीक्षा संपली आहे, कॉलेजाला सुट्टी आहे, आणि हाताला काम नाही. म्हणून गेल्या वर्षीचे हेच दिवस आठवीत बसलो आहे. आठवणीतून दुसऱ्याला बोध करावा एवढी माझी योग्यता नाही. जे जसे झाले तसे मांडून पाहतो.

गेल्या वर्षी आम्ही कॉलेजातले सात जण घाटावरच्या दुष्काळी लोकांना अन्न शिजवून घालण्यासाठी गेलो होतो. आमचे पुढारी केशवराव. ते शेवटच्या वर्गात होते, चष्मा लावीत, आणि कोणतेही काम यादीवाचून सुरू करीत नसत. सामानाची यादी त्यांनी स्वतःच्या हाताने सात वेळा लिहून प्रत्येकाला एकेक प्रत दिली. एक घोंगडे, दोन धोतरे, एक पंचा, तांब्या, ताटली, चाकू, सुईदोरा, काड्यांची पेटी. सुंठ, ओवा आणि हिंग कागदाच्या पुड्यांत. मीठ अर्धा शेर. आणि खाली, जरा मोठ्या अक्षरांत: “प्रत्येकाने एकट्याला उचलेल एवढेच ओझे आणावे. स्टेशनापासून पुढे नऊ कोस चालणे आहे. हमाल मिळणार नाहीत. मिळाले तरी ते उपाशी असतील.”

ही शेवटची ओळ मी घरी वाचून दाखवली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, “मग लाडू किती देऊ?”

आमच्या घरात शाळेची शेवटची इयत्ता ओलांडलेला मी पहिलाच. वडील तांबट. त्यांना आम्ही आबा म्हणतो. रस्त्याकडेच्या ओट्यावर बसून ते तांब्याचे पत्रे ठोकून हंडे, घागरी, पातेली घडवतात आणि जुन्या भांड्यांना कल्हईही करतात. सकाळी त्यांचा पहिला ठोका पडला की घर जागे होते. मी लहानपणी त्या ठोक्यांवर पाढे पाठ केले. अजूनही सतराचा पाढा म्हणताना मान नकळत हलते.

पण मुंबईला बिऱ्हाडावर कोणी विचारले, “तुमच्या वडिलांचं काय?” तर मी म्हणे, “ठाण्याला भांड्यांचं दुकान आहे.” हे खोटे नव्हते. दुकान होतेच. विकायला बसणारा आणि ठोकायला बसणारा तिथे एकच माणूस आहे, एवढे मी सांगत नसे. ऐकणारा आपल्या मनाने पेढी, गादी, तक्क्या, दोनतीन नोकर असे चित्र करून घेई. मी ते तसेच राहू देई. बिऱ्हाडावरची बहुतेक मुले वकिलांची, शिरस्तेदारांची. त्यांनी मला कधी हिणवले नाही. हिणवतील अशी भीती मीच बाळगून होतो, आणि भीती बाळगायला पुरावा लागत नाही.

सामान बांधण्यात तीन दिवस गेले. आईने आधी वीस लाडू घातले. नंतर तिच्या काय मनात आले कोण जाणे, संध्याकाळी ती गाठोडे सोडून बसली आणि सगळे लाडू काढून परत डब्यात ठेवले. “तिकडे लोक उपाशी, आणि तू पुढ्यात डबा उघडून बसणार कसा रे?” ती म्हणाली. लाडवांच्या जागी तिने नव्या भाताचे पोहे भरले. पोहे निदान मूठभर कोणालाही देता येतात. मग दशम्या करायच्या ठरल्या. त्या दुधात भिजवलेल्या असतात, चार दिवस टिकतात. मग दशम्याही नकोत असे ठरले. मग फक्त वाटेपुरत्या ठरल्या. मी यादीत खुणा करीत होतो आणि खोडीत होतो.

यादीबाहेरची एकच वस्तू मी स्वतःहून घातली: तर्कशास्त्राचे पुस्तक. सुट्टीनंतर त्याची परीक्षा होती. दुष्काळात तर्कशास्त्र वाचायला वेळ मिळेल असे मला वाटले, यावरून मला दुष्काळाची किती कल्पना होती ते कळेल.

आबा म्हणाले, “ओझं खांद्यावर घे आणि तळ्यापर्यंत जाऊन ये. घरात उचलून ओझं कळत नाही.” म्हणून मी गाठोडे पाठीला बांधून भर बाजारातून तळ्याकडे निघालो. पानवाल्या काकांनी हटकले, “काय रे दामू, सासुरवाडीला का? पण अजून बायको कुठाय?” शेजारच्या भागीरथीबाई दारातून ओरडल्या, “अहो, घाटावर चाललाय तो, दुष्काळात!” त्यावर काकांनी उगाच एक विडा बांधून माझ्या हातावर ठेवला. तळ्यापर्यंत खांदा भरून आला. परत येऊन मी आईने यादीबाहेर घातलेला जोड्यांचा दुसरा जोड आणि एक उपरणे काढून टाकले. पुस्तक काढले नाही.

त्या दिवशी दुपारी आबांनी ओट्यावरून हाक मारली. त्यांच्यापुढे एका फडक्यावर कथलाच्या चार कांड्या, नवसागराची पुडी, पिंजलेला कापूस, लांब सांडशी आणि हातभर लांबीचा कातडी भाता ठेवला होता.

“तिकडे शेकडो माणसांचं रांधायचं म्हणजे भांडी मोठी लागणार,” ते म्हणाले. “कुठून आणणार?”

“मागून. कल्याणचे लोक देणार आहेत.”

“मागून मिळतात ती अडगळीतली मिळतात. त्यांची कल्हई बघितलीय का कोणी?”

“केशवराव बघतील.”

“केशवराव तांबट आहेत का?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी फडक्याची चारही टोके एकत्र घेतली. “हे बरोबर ने. तुला येतं सगळं. फार वजन नाही.”

वजन खरोखरच फार नव्हते. पण मला दिसले ते हे की कल्याणच्या धर्मशाळेत सात जणांची गाठोडी सुटतील, कोणाच्या गाठोड्यातून दुर्बीण निघेल, कोणाच्या औषधांची पेटी, आणि माझ्यातून भाता आणि सांडशी. मग विचारतील, हे तुम्हांला कसे येते?

“यादीत नाही, आबा,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग फडक्याची टोके सोडली आणि एकेक वस्तू परत जागेवर ठेवली. “बरं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने ठोके सुरू झाले. मी आत जाऊन पुस्तक घोंगड्यात नीट गुंडाळले.

ठाण्याहून कल्याणला आगगाडीने जाताना खाडीवरचा पूल लागतो, मग मुंब्र्याचे बोगदे, आणि मग डोंबिवलीकडची शेते. त्या दिवसांत भात कापून झालेला असतो. खळ्यांवर बैल फिरत होते. खाडीच्या कडेला मिठागरांत पांढरे ढीग उन्हात चमकत होते. सगळीकडे भरलेले होते. गाडीतले एक गृहस्थ म्हणाले, “घाट चढून वर गेलं की सगळं संपतं हो. जणू कोणी रेघ मारलीय.” एकाच आभाळाखाली असे कसे होते याचा मी विचार करू लागलो. पण विचार पुरा होण्याआधी स्टेशन आले.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशीच कल्याणला जमलो होतो. धर्मशाळेच्या मागच्या अंगणात तीन प्रचंड पातेली पालथी घातलेली होती. कल्याणच्या तीन घरांनी आपापल्या लग्नकार्याची पातेली दिली होती. एकेकात माणूस बसेल एवढी. ती आणि धान्य नेण्यापुरती एक बैलगाडी मात्र स्टेशनापुढे ठरली होती. बाहेरून काजळी, आतून काळपट पांढरा थर. केशवरावांनी अस्तन्या वर केल्या. त्यांच्या यादीत पहिले काम होते: “भांडी स्वच्छ करणे.”

इथे आमच्या हातून जे झाले ते कोणा बाईमाणसासमोर झाले असते, तर तिने पहिल्या पातेल्यालाच ओरडून हात धरला असता. पण आम्ही सातही जण पुरुष, त्यांतले सहा असे की ज्यांनी जन्मात भांडे घासले नव्हते. तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ लेप असतो. तोच कल्हई. ती जुनी झाली की काळवंडते. त्यांना तो मळ वाटला. चिंच, राख, विटेची भुकटी आणि नारळाच्या शेंड्या घेऊन ते आतून घासायला लागले. खाली लाल तांबे दिसू लागले तसा त्यांना हुरूप आला.

“केशवराव, इकडे या!” बापू ओरडला. बापू कल्याणचाच, आमच्यातला विनोदी माणूस. “तोंड दिसतंय माझं यात!”

“तुझं तोंड पाहायला एवढी चिंच फुकट घालवलीस?” केशवराव म्हणाले, पण त्यांनीही वाकून पाहिले आणि खूष झाले.

मी जवळ जाऊन म्हणालो, “आतून इतकं घासू नये म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“घरी म्हणतात. बायका.”

“अहो दामोदरराव, किती वर्षांचा मळ आहे हा, पाहा तरी! उपाशी माणसाला घाणेरड्या भांड्यातलं घालायचं का?”

“नाही,” मी म्हणालो.

पुढे बोलायचे तर मला ते कसे ठाऊक हे बोलावे लागले असते. मी गप्प राहिलो. गप्प राहून उभे राहणे विचित्र दिसू लागले, तेव्हा मीही एक शेंडी उचलली. तिसरे पातेले मी घासले. मला घासता येते. माझे सर्वांत लाल निघाले. बापूने सर्वांना बोलावून दाखवले.

हे लिहिताना मी माझ्याविषयी कोणाला राग यावा म्हणून लिहीत नाही, आणि दया यावी म्हणूनही नाही. माणूस एखादी गोष्ट चूक आहे हे पक्के ठाऊक असताना ती दुसऱ्यांपेक्षा चांगली करून दाखवतो, याचे मला अजून नवल वाटते. तर्कशास्त्राच्या पुस्तकात याला नाव नाही. मी शोधले.

दुपारी आम्ही ओसरीवर जेवायला बसलो. केशवराव पुढची यादी वाचीत होते. “ज्वारीचं पीठ ताकात रात्री भिजवून ठेवायचं. सकाळी त्याची आंबील. उपाशी पोटाला जड अन्न सोसत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.” ताक, आंबवण, रात्रभर, तांब्याच्या उघड्या भांड्यात. माझ्या हातातला घास तसाच राहिला. आंबट पदार्थ उघड्या तांब्यात कळकतो. हिरवा पडतो, आणि खाणाऱ्याला उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस एक दिवस आजारी पडेल. महिनामहिना न जेवलेल्या मुलाचे काय होईल ते सांगायला डॉक्टर नको.

मी केशवरावांना बाजूला घेऊन सांगितले. ते ऐकता ऐकता खाली बसले. चष्मा काढून उपरण्याला पुसला. “म्हणजे आपण त्यांना विष घालणार होतो?”

“हो.”

“तुम्हांला कसं कळलं हे?”

“दुकानात ऐकलंय.”

“बरं झालं,” मागून आलेला बापू म्हणाला, “भांड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा आपल्यात आहे ते. नाहीतर सहा वकील मिळून खून करणार होते!”

कल्याणात कल्हईवाला शोधला तर तो भिवंडीकडच्या एका लग्नात कामाला गेलेला. आमची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. तेव्हा मी म्हणालो, “ठाण्याला आमचा माणूस आहे. सकाळी घेऊन येतो.”

आमचा माणूस. हे दोन शब्द मी आधी ठरवले नव्हते. ते आपोआप आले.

घाटावरचे दिवस मी इथे लिहीत नाही. ते लिहायला मला येईल असे वाटत नाही. एवढेच सांगतो की यादीतल्या वस्तूंपैकी सर्वांत कामाला आला तो सुईदोरा. लोकांच्या अंगावरच्या चिंध्या पुन्हा पुन्हा जोडाव्या लागत. चाकू एकदाही लागला नाही. कापण्यासारखे काही नव्हते. पोहे दुसऱ्या दिवशी संपले. त्या गावात कुत्री भुंकत नसत हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले. रांगेत एक म्हातारी होती. ती आंबील घेतल्यावर लगेच पीत नसे. आधी भांडे दोन्ही हातांत धरून त्याची ऊब घेई. मागचे लोक तिला ओरडत, “चल म्हातारे, पुढं सरक!” ती म्हणे, “थांब की रं बाबा. पोटाच्या आधी हाताला मिळू दे.” तिच्या हातांकडे पाहताना माझ्या मनात पातेल्यांशिवाय दुसरे काही येत नसे.

पण मी त्या संध्याकाळी कल्याणहून ठाण्याला परत गेलो त्याविषयी सांगत होतो. आईने दार उघडले आणि कपाळाला हात लावला. “अगो बाई! गाडी चुकली का तुझी?”

आबा ओट्यावर काम आवरीत होते. मी पातेल्यांचे सांगितले. ते आधी हसले. खूप दिवसांनी असे हसले. “आतून? चिंचेनं नि विटेनं? कोण एवढा शहाणा?”

“सगळेच.”

“आणि तू?”

“तिसरं मी घासलं.”

त्यांचे हसू थांबले. “तुला ठाऊक असून?”

उठून ते आत गेले, आणि दोन दिवसांपूर्वी जे परत जागेवर ठेवले होते तेच सामान एकेक करून काढू लागले. “तूच कर जाऊन. बांधून देतो सगळं.”

“तीन मोठी आहेत, आबा. माझ्यानं एकट्यानं नाही व्हायची. तुम्ही चला.”

हे काही सर्वस्वी खोटे नव्हते. एवढे मोठे पातेले आगीवर फिरवायला सरावलेला हात लागतो. पण मी त्यांना बोलावले ते त्यासाठी नाही. ते आले तर आगीपुढे ते बसणार होते. मी केशवरावांच्या शेजारी उभा राहणार होतो. हे मला तेव्हाही स्पष्ट ठाऊक होते.

सकाळी आबा तयार होऊन बाहेर आले तेव्हा मी पाहतच राहिलो. त्यांनी धुवट धोतर नेसले होते, नवे पागोटे घातले होते, आणि माझ्या मुंजीनंतर पेटीतून कधी न निघालेले जरीकाठी उपरणे खांद्यावर घेतले होते. दाढी केली होती. कल्हई करायला चाललेला माणूस असे कपडे घालीत नाही. ते मुलाच्या मित्रांना भेटायला निघाले होते.

गाडीत ते खिडकीशी बसले. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा त्यांनी विचारले, “त्या तुमच्या मोठ्यांना काय म्हणायचं? साहेब म्हणू का?”

“नाही. केशवराव म्हणा.”

“आणि मी कॉलेजाचं काही विचारू का? चालेल ना?”

“चालेल.”

मग बोगदा संपला. त्यांना काही सांगायची मला तीच वेळ होती. आणखी अर्धा तास होता. मी मिठागरे पाहत बसलो.

धर्मशाळेत केशवराव दारातच उभे होते. “या, या. तुमचीच वाट पाहत होतो. वेळ थोडा आहे, लगेच बसता का कामाला?” ते अदबीनेच बोलले, त्यांच्या बोलण्यात काही वावगे नव्हते. आबांनी हात जोडले आणि माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. कोणी ओळख करून देईल म्हणून माणूस जेवढा थांबतो तेवढाच.

“पातेली मागच्या अंगणात आहेत,” मी म्हणालो.

ते मागच्या अंगणात गेले. जरीकाठी उपरणे काढून त्यांनी घडी घातली आणि ती ठेवायला जागा शोधू लागले. सगळीकडे राख आणि चिंचेचा चोथा. शेवटी त्यांनी ती घडी पागोट्यासह एका कोनाड्यात ठेवली. मग जमिनीत खड्डा करून कोळसे रचले, भात्याचे तोंड मातीने लिंपले. पातेल्यात वाकून पाहिले आणि म्हणाले, “घासलंय मात्र झकास. माझं निम्मं काम झालं.” सगळे हसले. केशवराव संकोचाने हसले.

भात्यावर बसायला बापू पुढे झाला. त्याने दोन हिसके दिले आणि सगळी राख केशवरावांच्या तोंडावर उडवली. “अहो, लोहार होण्यापेक्षा वकिलीच बरी,” तो खोकत म्हणाला. मग आबांनी कोणाकडेही न पाहता म्हटले, “ज्याला येतं त्यानं बसावं.” मी बसलो. भाता माझ्या हातांना ओळखत होता. निखारे लाल झाले, मग नारिंगी.

“दामोदरराव, तुम्हांला हेही येतं?” केशवराव म्हणाले.

“पाहिलंय लहानपणी.”

पहिले पातेले तापले. आबांनी नवसागर भुरभुरला, पांढरा झणझणीत धूर उठला, सगळे मागे सरले. कथलाची कांडी टेकवली की ती पाण्यासारखी वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने ते पाणी पातेल्याच्या तांबड्या पोटावर पसरत नेले की मागे रुपेरी वाट उमटत जाते. लहानपणी मला ही जगातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटे. ते सहा जण आता तोंडे उघडी टाकून तेच पाहत होते. कोणाच्या चेहऱ्यावर हिणवणे नव्हते. मी शोधत होतो, मला सापडले नाही.

दुसरे पातेले झाले. तिसरे आगीवर चढले, मी घासलेले. बापू आबांच्या शेजारी उकिडवा बसला होता. त्याला हे सगळे फार आवडले होते. “मिस्त्री, हात आहे बुवा तुमच्यात,” तो म्हणाला. “आणि तुमचे मालकही मोठ्या मनाचे. एका शब्दासरशी तुम्हांला धाडलं. दामोदररावांचे वडील स्वतः दुकानातच असतात ना?”

आबांचा बोळा फिरत होता. तो थांबला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, पातेल्याकडेच पाहत होते. त्यांना सगळे कळले ते त्या क्षणी की दारातच, ते मला आजवर माहीत नाही.

“हो,” ते म्हणाले. “दुकानातच असतात ते. बसून असतात.”

“बरी माणसं आहेत,” बापू म्हणाला.

“बरी आहेत,” आबा म्हणाले.

त्यांनी कांडी पुन्हा टेकवली. पातेल्याचा तळ झाला होता, कड राहिली होती. थोड्याच वेळात काम संपले असते. ते उपरणे खांद्यावर घेऊन दुपारच्या गाडीने ठाण्याला गेले असते, आणि घरी आईला मुलाचे मित्र फार चांगले आहेत असे सांगितले असते. माझे खोटे त्यांनी माझ्यासाठी पुरे करून दिले होते. मला फक्त भाता ओढत राहायचे होते.

“ते दुकानात नाहीत,” मी म्हणालो.

बापूने मान वळवली. “कोण?”

“माझे वडील. हेच माझे वडील.” आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “दुकान म्हणजे एक ओटा आहे. तिथे हे भांडी ठोकतात. मलाही येतं. काल घासू नका हे मला माहीत होतं.”

केशवरावांच्या तोंडावर अजून राख होती. बापू उकिडवा होता तो हळूहळू उभा राहिला. काय करावे ते न सुचून त्याने पुन्हा बसकण मारली. मी आबांकडे पाहत होतो.

त्यांनी मान वर केली नाही.

“भाता का थांबवलास?” ते म्हणाले. “कथील गोठतंय.”